सोनीआतेचा टोप

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक मोठा टोप होता. सकाळी त्यात भात शिजायचा, संध्याकाळी डाळ. घासायचा असला की सोनीआते त्याला अंगणात आडवा पाडायची आणि कमरेपर्यंत आत शिरायची. बाहेर तिचे पाय आणि लुगड्याचा काष्टा तेवढा दिसायचा, आणि आतून तिचं बोलणं घुमत यायचं. आम्ही पोरं मुद्दाम टोपाच्या तोंडाशी जाऊन विचारायचो, "आते, आज जेवायला काय?" आतून उत्तर यायचं, "तुझी मुंडी." मग ती बाहेर यायची, कपाळाला राख लागलेली, आणि ज्यानं विचारलं असेल त्याच्या पाठीत ओल्या हाताचा धपाटा बसायचा. तो बसावा म्हणूनच पोरं विचारायची. घरापासून लांब राहणाऱ्या पोरांना कुणीतरी हात लावलेला हवा असतो. हे मला मी मास्तर झाल्यावर कळलं, तेव्हा नाही.

ती आमच्या बाजूची होती. माझं घर सूर्यमाळच्या खालच्या अंगाला, एका पाड्यावर. तिचं माहेर पलीकडच्या टेकाडावर. नात्यानं माझ्या बापाची लांबची बहीण. नवरा लग्नानंतर लवकरच झाडावरून पडून गेला, मूल झालं नव्हतं, सासरच्यांनी ठेवली नाही, सख्ख्या भावानं ठेवली पण उठताबसता बोलून दाखवलं. मोखाड्याच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी आहे असं कळलं तशी ती आली आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोपटात राहिली. मला वसतिगृहात घालावं हेही तिनंच बापाला पटवलं. उन्हाळ्यात आमच्या पाड्यावरच्या बाया खडकातल्या झऱ्यापाशी वाटी घेऊन बसायच्या. पाणी पाझरलं की वाटीत, वाटीतून हंड्यात. मीही बसायचो. ते बघून ती म्हणाली होती, "हिथं बसून हा वाटीच भरंल जन्मभर. तिकडं दोन टाइम खाईल तरी."

दोन टाइम खात होतो. सकाळी भात आणि वरून पातळ कालवण, संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि डाळ, बाजाराच्या दिवशी सुकटाची चटणी. रेल्वेच्या रुळाचा तुकडा दोरीनं टांगलेला होता, त्यावर ठोका पडला की आम्ही ताटल्या घेऊन रांगेत बसायचो, आणि ताटल्यांचा एक असा आवाज व्हायचा की रस्त्यापलीकडच्या कचेरीतले लोक म्हणायचे, "चला, पोरांची गाडी आली." टोपाच्या बुडाला लागलेली खरवड आते खरडून काढायची आणि हाताला येईल त्याला द्यायची. मला जरा जास्त मिळायची. कुणी तक्रार केली तर म्हणायची, "तो माझ्या भावाचा हाय. तुझी आते आण, ती तुला देईल."

आज माझे दात गेले आहेत, खरवड चावता येत नाही. पण सून भात लावते आणि थोडा करपतो, तेव्हा मी उठून अंगणात जातो. तिला वाटतं सासऱ्यांना करपलेलं चालत नाही.

आम्ही नववीत होतो तेव्हा माने सर आले. साताऱ्याकडचे, नुकतीच पदवी घेतलेले, लग्न न झालेले. सकाळी उघड्यावर दंड-बैठका काढायचे आणि आम्हाला सांगायचे की सूर्य हा देव नसून तापलेला वायू आहे. पाड्यावरून आलेली आमची पोरं वाघोबाच्या नावानं कोंबडं कापणाऱ्या घरातली. आम्हाला दोन्ही पटायचं. वायूही पटायचा आणि वाघोबाही. सरांना याचाच राग यायचा. "एक काहीतरी धरा रे," म्हणायचे.

जव्हारला शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. आमच्या प्रयोगशाळेत, म्हणजे एका कपाटात, काचेच्या बरणीत एक गांडूळ होतं आणि एक चुंबक होतं. सर वर्गात म्हणाले, "मागच्या वेळी ज्यांचा पहिला नंबर आला त्यांच्याकडे खरा सांगाडा होता. आपण काय न्यायचं? गांडूळ?"

माझ्या शेजारी काशा बसायचा. साखरशेतचा, घरी भाताची शेती, अंगानं दांडगा आणि विज्ञानात माझ्यापेक्षा हुशार. तो उभा राहिला. "सर, माणसाचाच पाहिजे?"

"मग काय कोंबडीचा?"

वर्ग हसला. काशा हसला नाही. "मिळंल," म्हणाला आणि खाली बसला.

सर त्याच्याकडे बघत राहिले. मग फळ्याकडे वळले. त्यांनी नको म्हटलं नाही, एवढं मला नक्की आठवतं. मी पुढे स्वतः सदतीस-अडतीस वर्षं वर्गात उभा राहिलो. पोरगं असं काही बोलून बसलं की मास्तरच्या मनात काय काय जातं ते मला ठाऊक आहे.

काशाला माणूस कुठून मिळणार होता, ते मीच त्याला सांगितलं होतं. आमच्या पाड्याखाली ओढ्याच्या काठाला एक माणूस पुरलेला होता. कोळशाच्या भट्ट्या लावणाऱ्या ठेकेदाराबरोबर आला, भट्ट्या उठल्या, बाकीचे गेले, हा राहिला. आंब्याखाली पालापाचोळ्याचं छप्पर घालून राहायचा, कुणाशी फार बोलायचा नाही. एका पावसाळ्यात तिथंच मेला. पाड्यावरच्या माणसांनी खड्डा करून त्याला ठेवला. त्याचं कुणी नव्हतं, म्हणून त्याचे दिवस घातले नाहीत, नैवेद्य कुणी ठेवला नाही. आमच्याकडे असं राहिलेलं माणूस गेलं असं धरत नाहीत. ते आसपास असतं. बाया त्या अंगाला सरपणाला जात नसत. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

पाड्यावरची माणसं लग्नाला गेली होती त्या दिवशी आम्ही दुपारी तो खड्डा उकरला. आधी काशानं काठावर एक अंडं ठेवलं. नारळ नव्हता. हात जोडून म्हणाला, "बाबा, तुला शाळेत नेतो. रागावू नको. तिथं लय पोरं हायेत, करमंल तुला." मग कुदळ घेतली. माती भुसभुशीत होती, फार खोलही पुरला नव्हता. एकेक हाड हातात आलं की काशा त्याचं पुस्तकातलं नाव म्हणायचा आणि मी गोणीत टाकायचो. नाव आठवलं नाही की थांबून आठवायचा. मला भीती वाटत होती का ते मी बरेचदा स्वतःला विचारलं आहे. वाटत नव्हती. ऊन होतं, घाम येत होता, आणि मला भूक लागली होती.

जीपवाल्यानं गोणी टपावर फेकली. "काय हाय रं यात?"

"कंद," मी म्हणालो.

"कंद एवढे खडखडतात?"

"सुकलेत," काशा म्हणाला.

सरांच्या खोलीवर गोणी उघडली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. कवटी हातात घेतली, खाली ठेवली, हात पुसले. मग म्हणाले की हाडं स्वच्छ करावी लागतील. धुण्याचा सोडा घालून पाण्यात चांगली उकळायची, म्हणजे उरलंसुरलं निघून जातं आणि रंग पांढरा येतो. मग दार ओढून घेत हळू आवाजात म्हणाले, "शाळेत मी सांगेन की मुंबईहून मागवला. तुम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही." कुठं उकळणार, कशात उकळणार, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मांडीचं हाड मावेल असं मोखाड्यात आमच्या ओळखीचं एकच भांडं होतं.

बाजाराच्या दिवशी आते भाजीला गेली. वसतिगृह बघणारे मोठे सर रजेवर होते. पोरं बाजारात नाहीतर नदीवर. आम्ही चूल पेटवली, टोपात पाणी भरलं, सोडा टाकला आणि गोणी ओतली. थोड्या वेळानं पाणी करडं झालं, वर फेस आला. काशा लांब पळीनं फेस काढून राखेत टाकत होता, आते डाळीवरचा काढायची तसाच.

"काशा, ह्याच्यात परत डाळ शिजणार," मी म्हणालो.

"मग काय झालं? शंभर अंशाला सगळं मरतं. पुस्तकात हाय."

"मेलेलं पण मरतं?"

"मेलेलं कसं मरंल, येड्या?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. बरेच हसलो. कवटी टोपात उलटीसुलटी होत होती, आणि प्रत्येक वेळी तिचं तोंड वर आलं की आम्ही पुन्हा हसायचो.

हाडं काढून मागच्या गवतात सुकत घातली. टोप राखेनं घासला, तीनदा पाणी घातलं. शेवटचं पाणी ओततच होतो तोवर आते डोक्यावर पाटी घेऊन दारात. ओला टोप बघितला, चूल बघितली.

"काय शिजवलंत रं माझ्या माघारी?"

"कंद उकडले, आते," मी म्हणालो. आमच्याकडे कडू कंद राख घालून असेच तासन्‌तास उकडतात.

"मला ठेवला नाय एक?"

"संपले."

"बकासुर मेले," म्हणाली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. तिला बरं वाटलं असावं. पोरांनी टोप घासून ठेवला होता.

संध्याकाळी त्याच टोपात डाळ झाली. आम्ही रांगेत बसलो. काशा माझ्या समोर होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, ओठ हलवून "शंभर" म्हणाला आणि भाकरी मोडली. मीही खाल्लं. न खाल्लं असतं तर आतेनं कपाळाला हात लावून ताप बघितला असता. त्या दिवशीची डाळ चांगली झाली होती. हे लिहिणं बरं दिसत नाही. पण झाली होती.

दोनेक दिवसांनी पोरं आजारी पडायला लागली. उलट्या, जुलाब, ताप. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, गढूळ यायचं, आणि बाजाराच्या दिवशी पोरं काय काय खाऊन आली होती. मला आज वाटतं, पाणी असावं. पण ते मला नेहमी अशा वेळी वाटतं जेव्हा मला तसं वाटायला हवं असतं. खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. काशाला आणि मला काहीच झालं नाही. रघू म्हणून पाचवीतला एक पोऱ्या होता, माझ्या पलीकडच्या चटईवर झोपायचा, झोपेत मुतायचा आणि सकाळी माझं नाव सांगायचा. त्याला जास्त झालं. जव्हारला नेताना जीपमध्येच गेला. आते त्याला मांडीवर घेऊन बसली होती. परत आली तेव्हा ती आधी स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपुढे बसली. चूल पेटलेली नव्हती.

रघूच्या पाड्यावरची माणसं आली ती भगताला घेऊनच आली. देवजी भगत, बारीक अंगाचा, डोक्याला पांढरं फडकं, आवाज इतका हळू की ऐकायला लोकांना पुढं वाकावं लागायचं. वसतिगृहासमोरच्या चिंचेखाली सकाळच्या उन्हात माणसं बसली. भगतानं सुपात तांदूळ घेतले, दिवा लावला, दाणे बोटानं जोडीजोडीनं बाजूला करत राहिला. माने सर मध्ये येऊन उभे राहिले.

"अहो, पोरं पाण्यानं आजारी पडलीत. तांदळाच्या दाण्याला काय कळतंय?"

"मास्तर," भगत वर न बघता म्हणाला, "तुमच्या कागदाला कळतंय का? तरी तुम्ही वाचता ना?"

लोक हसले. सरांचे कान लाल झाले. भगत दाणे हलवत राहिला. मग थांबला. अजून हळू आवाजात म्हणाला, "चुलीवर मेलेलं माणूस चढलंय. टोपात. दिवस न घातलेलं हाय. भुकेलं हाय. पोरांच्या पोटात गेलंय."

माझे कान बंद झाले, पाण्यात बुडी मारल्यावर होतात तसे. काशानं माझं मनगट धरलं होतं, त्याची नखं रुतली, ते मला नंतर दिसलं. मी माने सरांकडे बघितलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. ते मोठ्यानं बोलायला लागले, इतक्या मोठ्यानं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. हे विज्ञानाचं युग आहे, असल्या भाकडकथा सांगून लोकांना फसवणं गुन्हा आहे, या स्वयंपाकघरात असलं काही घडलेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. कशाची शपथ ते त्यांनी सांगितलं नाही.

तर तिथं दोन माणसं भांडत होती. एक देवाचा होता आणि तो खरं सांगत होता. एक विज्ञानाचा होता आणि तो खोटं बोलत होता. मी पुढे जन्मभर पोरांना शिकवलं की भगतावर विश्वास ठेवू नका, आणि ते शिकवणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. त्या सकाळी मात्र तसं होतं. त्याला कसं कळलं, मला माहीत नाही. राखेतला फेस कुत्र्यांनी उकरला होता, ते कुणी त्याच्या कानावर घातलं असेल. गवतात कुणाला काही दिसलं असेल. मी त्यावर फार विचार करत नाही. कारण त्यानंतर लगेच तो चुकला.

"बाईचा हात हाय," तो म्हणाला. "एकट्या बाईचा."

टोपाला हात लावणारी एकटी बाई एकच होती. माणसांनी माना वळवल्या. आते स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "भुताळी", म्हणजे चेटूक करणारी, हा शब्द पहिल्यांदा कोण बोललं ते मला सांगता येणार नाही, कारण तो एकदम सगळीकडून आला.

"मी डाळ-भाताबिगर टोपात काय घातलं नाय," आते म्हणाली. ती घाबरलेली नव्हती. चिडलेली होती. "बाजाराच्या दिवशी पोरांनी टोप घेतला व्हता. कंद उकडले त्यात. त्या कंदांनी बाधलं असंल. इचारा त्या लखाला. लखा, सांग रं."

भगतानं पहिल्यांदा मान वर केली. त्याचे डोळे पिवळसर होते. "कंद उकडले का रं, पोऱ्या?"

मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी त्या क्षणी केला नाही. लोकांना वाटतं माणूस अशा वेळी विचार करतो. मी रघूच्या बापाच्या हातातली काठी बघत होतो.

"नाय," मी म्हणालो.

"लखा?" आते म्हणाली.

"आम्ही कंद उकडले नाय." ते शब्दाला खरं होतं. मी तसाच उभा राहिलो. तिनं काशाकडे बघितलं. काशानं मान खाली घातली. तिनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. तोंड थोडं उघडंच राहिलं होतं. मी तिच्या भावाचा होतो. तिला वाटलं असणार, हा खोटं कशाला बोलेल; माझंच काही चुकत असेल.

भगतानं सांगितलं, टोप तिच्या डोक्यावर द्या आणि वेशीबाहेर घाला. ज्या पोरांनी त्यातलं खाल्लं त्यांनी मागून एकेक खडा टाकायचा, म्हणजे पोटातलं तिच्याबरोबर जाईल. मारायचं नाही, असंही त्यानं बजावलं. त्या माणसाचं एवढं मात्र नोंदवायला हवं, त्यानं मारू दिलं नाही. आतेनं टोप स्वतःच उचलला. पालथा, डोक्यावर, दोन्ही हातांनी धरून. टोप खांद्यापर्यंत आला, तिचा चेहरा दिसेना. ती एसटी स्टँडच्या बाजूनं चालत निघाली आणि मागून आम्ही सगळी पोरं. बारकी पोरं रडत होती आणि खडे टाकत होती. मीही टाकला. तिला लागू नये म्हणून मुद्दाम वर टाकला, तर तो टोपावर वाजला. ठण्‌कन. दोनतीन पोरांना हसू आलं, मग सगळीच टोपावर नेम धरायला लागली. तो आवाज बराच वेळ चालू होता.

माने सर आपल्या खोलीत होते. दार लावलेलं होतं. आम्ही परत आलो तेव्हा ते सांगाड्याच्या बरगड्यांना तारेनं जोडत होते.

जव्हारला आमचा पहिला नंबर आला. सांगाडा लाकडी चौकटीला टांगलेला, शेजारी मी हातात काठी घेऊन. हे मांडीचं हाड, शरीरातलं सर्वांत लांब. ही कवटी, मेंदूचं रक्षण करते. मी एकदाही अडखळलो नाही. आमच्या वर्गातल्या एकानं विचारलं, "मुंबईचा माणूस एवढा बुटका कसा?" दुसरा म्हणाला, "तिकडं खायला मिळत नसंल." पुढे तो शाळेच्या कपाटाशेजारी टांगला, आणि परीक्षेच्या आधी पोरं त्याला उदबत्ती लावायला लागली. कपाळावर कुंकू लावायची. सर ओल्या फडक्यानं पुसायचे आणि ओरडायचे, "अरे, हे विज्ञान आहे!" दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू. त्या वर्षी दहावीचा निकाल चांगला लागला, मग तर विचारायलाच नको. ज्याचे दिवस कुणी घातले नव्हते त्याला असं रोज उदबत्ती-कुंकू मिळायला लागलं. पुढच्या वर्षी सर बदली घेऊन गेले. काशा त्याआधीच गेला, दहावीला बसलाच नाही. ठाण्याकडे कुठल्या तरी गोदामात लागला असं ऐकलं. त्याचा बाप एकदा बाजारात भेटला, म्हणाला, "पोरगा डाळ खात नाय. का खात नाय, सांगत नाय." मी म्हणालो, मला माहीत नाही.

मी विज्ञानाचा मास्तर झालो. याच तालुक्यात. सांगाड्याचा धडा मी चित्रावर शिकवायचो.

सोनीआतेची आणि माझी भेट त्यानंतर एकदाच झाली. माझं लग्न झालं होतं, मोठी मुलगी झाली होती. शाळेत न येणाऱ्या पोरांची घरं हिंडत होतो. सूर्यमाळच्या पलीकडे एका पाड्यावर माझ्याबरोबरचा पोलीसपाटील एका जागी थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, त्या झोपडीकडं पोर नाय. तिकडं म्हातारी राहते. आपण वरनं जाऊ." झोपडी पाड्यापासून वेगळी, मोहाच्या झाडाखाली. मी त्याला पुढं जायला सांगितलं आणि उतरलो.

ती दारात बसून सुपात नाचणी निवडत होती. केस पांढरे, पाठ वाकलेली. मला लगेच ओळखलं.

"लखा ना तू? गुरुजी झालास म्हणं. बेस झालं. बस."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. ओढ्याचा काठ, गोणी, सोडा, टोप. मध्ये थांबलो नाही, नाहीतर पुढं बोलता आलं नसतं. ती नाचणीतून खडे काढून बाजूला टाकत होती.

"सोडा घातला व्हता?" तिनं विचारलं.

"हो."

"तरीच. डाळ लय बिगीन शिजली त्या दिशी." तिनं सूप एकदा पाखडलं. "मला वाटायचं, मीच केलं असंल. झोपंत. सगळी म्हणतात त्यात काय तरी असंल ना."

"नाही, आते. आम्ही केलं. मी सांगतो सगळ्यांना. रघूच्या बापाला सांगतो. भगत आहे अजून, त्यालाही सांगतो."

तिचा हात सुपात थांबला. "आन मी काय खाऊ?"

मला कळलं नाही. तिनं हनुवटीनं दाराच्या बाजूला दाखवलं. तिथं पानावर तांदूळ होते, दोन अंडी होती, पायाला दोरी बांधलेली एक कोंबडी होती.

"बाया हिथनं जातात तवा पोरं पदराखाली झाकतात. मी बघू नये म्हणून. आन हे ठेवून जातात. भावानं कवा मूठभर दिलं नाय, हे भिऊन देतात. तू सांगशील, मग मी कोण? नुसती म्हातारी. नुसत्या म्हातारीला कोण देतं रं?" ती हसली. तिचे पुढचे दात पडले होते. "मी गेल्यावर सांग. तोवर गप बस. गप बसायला तुला येतं."

तिनं ते टोचून म्हटलं नाही. जसं आहे तसं म्हटलं. ती गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. रघूचा बाप गेला, देवजी भगत गेला, माने सर गेल्याचं पत्र आलं होतं. तिची अट तिच्याबरोबर संपली होती, त्यानंतर मी कुणाच्या सांगण्यावरून गप्प होतो असं मला म्हणता येणार नाही.

मी उठायला लागलो तशी ती म्हणाली, "बस, जेवून जा." आत गेली, ताटलीत नाचणीची भाकरी आणि वर डाळ घेऊन आली. माझ्यापुढे ठेवली. डाळ गरम होती, लसणाचा वास येत होता. सकाळपासून मी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. ती भुताळी नाही हे पक्कं ठाऊक असलेला त्या डोंगरात मी एकटाच माणूस होतो. मी ताटलीकडे बघितलं. मला माझ्या मुलीची आठवण झाली, का झाली सांगता येणार नाही. हात पुढे गेला नाही.

"जेवून आलोय, आते," मी म्हणालो.

तिनं आग्रह केला नाही. भाकरी उचलून टोपलीत ठेवली, डाळ परत भांड्यात ओतली, ताटली राखेनं पुसली. मग म्हणाली, "बरं. जाताना मागल्या अंगानं जा. पुढनं गेलास त लोक बघतील, हिच्याकडं गुरुजी येऊन बसतात. भ्यायचं सोडतील."

मी मागच्या अंगानं गेलो.